फिका नारिंगी ठिपका

ऑफिसात त्याला सगळे कंसमामा म्हणत. आता मामा, आणि त्यातून कंस, म्हटल्यावर कोणालाही वाटेल की माणूस पक्का दुष्ट असणार. छे हो! पायाखाली मुंगी दिसली तर पाय तसाच हवेत धरून उभा राहणारा हा गडी. नाव पडलं ते त्याच्या कामामुळे. तो प्रोग्रॅम लिहायचा क्लोजर नावाच्या भाषेत, आणि त्या भाषेत उठता-बसता कंस. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी एक कंस, आणि ओळीच्या शेवटी बंद होणाऱ्या कंसांची अशी रांग की नवख्याला घेरी यावी. मामाला मात्र ती रांग बघून फार शांत वाटायचं. उघडलेलं सगळं बंद झालं, आता काही सांडायचं नाही, असं.

ही खोड पुढे अंगातच भिनली. दुसऱ्याच्या टेबलाचा उघडा खण दिसला की लोटायचा, बाटलीचं झाकण घट्ट करायचं, कोणी बोलताबोलता वाक्य अर्धवट सोडलं तर "आणि मग?" म्हणून ते पुरं करून घ्यायचं. ऑफिसातली पोरं खिदळायची. "मामा, माझं तोंड उघडं राहिलंय, बंद करता का?" "करतो की, आधी आतली बडबड तर संपू दे," म्हणून मामा पुन्हा पडद्यात बुडायचा.

आणि हाच माणूस सख्ख्या मोठ्या भावाशी कित्येक वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. आता काय म्हणावं याला!

त्यांचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, मध्ये एक दात काढणारा डॉक्टर, आणि वर ही कंपनी. कंपनी म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक मॅडम आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यांचं ॲप होतं औषधांचं. गोळी घ्यायची वेळ झाली की फोन वाजायचा, गोळी घेतली की फोनवरचं 'घेतली' हे बटण दाबायचं. एवढंच. पण ते एवढंच काम शहरभर हजारो घरांत चालायचं, आणि ते नीट चाललंय ना हे बघणं मामाकडे होतं.

त्याची रीत अशी. ॲपमध्ये काहीही घडलं, कोणी बटण दाबलं, कुठे सर्व्हर अडखळला, की त्याची एक छोटीशी वर्दी बाहेरच्या एका देखरेख सेवेकडे जायची. या वर्दीला ते लोक इव्हेंट म्हणतात. ती सेवा दुसऱ्यांची, यंत्रं दुसऱ्यांची, कुठल्या मुलुखात ठेवलेली देव जाणे. त्यामुळे वर्दीत कोणाचं नाव, पत्ता, आजार काही घालायचं नाही, हा दंडक मामानेच घातला होता. परक्याच्या घरी आपल्या माणसांच्या गोष्टी सांगू नयेत, असं त्याचं म्हणणं. वर्दीत फक्त काय घडलं, किती वेळ लागला, आणि फोनवर ॲपचं कुठलं व्हर्जन आहे, इतकंच. त्या वर्द्यांचे मग ठिपके व्हायचे आणि मामासमोरच्या भिंतीवर, मोठ्या पडद्यावर उमटायचे. प्रत्येक व्हर्जनचा रंग वेगळा.

काय सांगू तुम्हाला त्या पडद्याचं! सकाळी खिडकीतून कोवळं ऊन आत यायचं, मामा पहिला चहा घेऊन बसायचा, आणि ठिपके यायला लागायचे. आधी एखादा, मग दोन-चार, मग नुसती भुरभुर. निळे, हिरवे, जांभळे. मामाची नजर हळूहळू सैल व्हायची. त्याला ठिपक्याच्या पलीकडचं दिसायला लागायचं. हा निळा म्हणजे कोणी आजोबा असतील, चष्मा शोधताहेत, तो कपाळावरच आहे. हा हिरवा म्हणजे कोणीतरी बाई, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पेला, कोपराने बटण दाबलंय. कोणी गोळी जिभेखाली लपवली असेल आणि बटण मात्र दाबलं असेल, लबाड! सगळं शहर त्याच्या डोळ्यांसमोर एकेक घोट पाणी पीत होतं. चहा गार व्हायचा. "मामा गेले," पोरं एकमेकांना म्हणायची, म्हणजे त्यांची समाधी लागली.

पण मामा खरी वाट बघायचा एकाच ठिपक्याची. फिका नारिंगी. रोज सकाळी एकदाच यायचा. तो रंग होता ॲपच्या अगदी पहिल्या, चाचणीच्या व्हर्जनचा. ते व्हर्जन बाजारात कधी आलंच नव्हतं. मामाने ते चार ओळखीच्या फोनांवर घालून पाहिलं होतं, त्यातले तीन केव्हाच बदलले. चौथा फोन दादाचा. दादाने आयुष्यात कधी काही अपडेट केलं नाही. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, हा त्याचा खाक्या.

दादा वेताच्या खुर्च्या विणायचा. आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच मामाला वाढवलं, आणि वहिनी आली तेव्हा तिने त्याला दीर म्हणून नाही, पोटच्या पोरासारखं सांभाळलं. शाळेतून आला की दादाच्या समोर बसून वेत ताणून धरायचा, आणि वहिनी दोघांना दटावायची, "हात धुवा रे, मग जेवा." असं ते घर. मग पोरगा शिकला, कामाला लागला, नदीच्या अलीकडे खोली घेतली. रविवारी जायचा. दादाला ब्लडप्रेशर निघालं तेव्हा त्यानेच फोनवर ॲप घालून दिलं आणि बटण कसं दाबायचं ते दाखवलं.

आणि मग वहिनी गेली. त्या दिवशी नेमकं ॲप बंद पडलेलं. शेजाऱ्यांचा निरोप आला तेव्हा मामा पडद्यासमोर घामाघूम होऊन बसला होता. एवढं मार्गी लावतो आणि निघतो, एवढं मार्गी लावतो आणि निघतो, असं करताकरता तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, माणसंही पांगली होती. दादा उंबऱ्यात उभा होता. "आता आलास?" तो म्हणाला. "आता काय काम आहे तुझं? परत येऊ नकोस इथे."

मामा आल्या पावली परत फिरला, आणि परत गेला नाही. मनाने रोज जायचा, पाय उचलायचा नाही. पण रोज सकाळी तो नारिंगी ठिपका यायचा. दादा उठला, दादाने गोळी घेतली, दादा आहे. मामाचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

इकडे मॅडम त्याच्या मागे लागल्या होत्या. "मामा, त्या चाचणी व्हर्जनवर एकच फोन उरलाय. एका फोनसाठी वेगळा रस्ता कशाला राखायचा? बंद करून टाका."

"करतो मॅडम, पुढच्या आठवड्यात."

"गेलं वर्षभर तुमचा पुढचा आठवडाच चाललाय."

मामा गालातल्या गालात हसला. मॅडमनीही फार ताणलं नाही. पण त्यांनी दुसरं एक काम दिलं. प्रत्येक वर्दी सुटी सुटी पाठवण्यात ॲपला धाप लागत होती. तेव्हा वर्द्या साठवून त्यांची जुडी बांधायची आणि जुडी एकदम पाठवायची. मामाने ते सगळं नवीन लिहून काढलं. दादाच्या त्या जुनाट व्हर्जनची वर्दी वेगळ्या घडणीची, म्हणून तिच्यासाठी एक लहानसा तुकडा वेगळा लिहिला. त्यात जुनी वर्दी नव्या घडणीत बसवायची, पाठवायची, आणि पाठवल्याचा निकाल एका कप्प्यात ठेवून द्यायचा, उद्या लागला तर असावा म्हणून.

आता या क्लोजरबाईंचा एक स्वभाव सांगायलाच हवा. तिला एका पद्धतीने सांगितलं की 'या सगळ्या पाठव', तर ती हो म्हणते आणि ढिम्म बसून राहते. कोणीतरी निकाल मागायला आलं की मग उठते आणि काम करते. कोणी आलंच नाही, तर तिचं ते हो तसंच पडून राहतं. म्हणून जिथे काम खरोखर व्हायला हवं तिथे दुसरा, दरडावणीचा शब्द वापरायचा, 'आत्ताच्या आत्ता पाठव' असा. मामाला हे पाठ होतं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचा तो.

तुकडा लिहून झाला, कंस मिटले. मामाने रोजच्यासारखी आपली काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत एक ओळ लिहावी आणि प्रोग्रॅमने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, अशी सोय असते. त्याने खोटी नारिंगी वर्दी तयार करून ओळ लिहिली. भिंतीवर टप्पकन ठिपका उमटला. छान. मामा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळे आले, हिरवे आले, जांभळ्यांची तर झुंबड उडाली. नारिंगी आला नाही. झोप लागली असेल, मामा मनात म्हणाला. दुपारपर्यंत त्याने तेच चारदा म्हणून पाहिलं. पुढच्या सकाळीही नाही. कोडमध्येच काही बिघडलं असेल, असू दे, कोडच बिघडलेला असू दे, असं घोकत त्याने काळी खिडकी उघडली, तीच ओळ लिहिली. आणि ठिपका आला! लख्ख, नारिंगी. म्हणजे कोड ठणठणीत. म्हणजे मग...

ॲपमधली दादाची मूळ नोंद उघडून बघावी तर तिला कुलूप. ती फक्त रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरला उघडता येते, आणि हे कुलूपही मामानेच बसवलेलं. शहाणपणा नडतो तो असा. मामाने इतक्या वर्षांनी दादाचा नंबर फिरवला. वाजला, वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा फिरवला. कोणी उचलत नव्हतं.

ती रात्र त्याने कशीबशी काढली. तिसऱ्या सकाळी तो पडद्यासमोर उभाच होता. सगळे रंग आले. तो एक नाही. मामाने लॅपटॉप पिशवीत कोंबला.

"मामा, कुठे? आत्ता मीटिंग आहे," मॅडम म्हणाल्या.

"तो चाचणी व्हर्जनवाला फोन माझ्या भावाचा आहे, मॅडम. तीन दिवस आला नाही."

मॅडमनी एकदा त्याच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. "अहो मग उभे काय राहिलात? पळा!"

बस नदीवरच्या पुलावर आली तेव्हा धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. पलीकडची घरं अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. एखाद्या खिडकीत दिवा, एखादी अंधारी. मामा काचेला कपाळ टेकून बघत राहिला. त्याला वाटलं आपण पडद्याच्या आत शिरलोय, ठिपक्यांच्या मागच्या बाजूला. ती बघ, त्या गॅलरीत एक बाई पेला धुतेय. तो म्हातारा पायरीवर बसून कागद फाडतोय, गोळीचाच असेल. सगळे आहेत. सगळ्या शहरात सगळे आहेत. दादा, तू पण अस रे, मामा मनात म्हणाला, आणि मग बहुतेक मोठ्याने म्हणाला, कारण शेजारच्या माणसाने जरा सरकून घेतलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. नुसती भीती वाटत होती. परत येऊ नकोस म्हणाला म्हणून आपण गेलो नाही, आणि आता जातोय ते असं. वहिनीच्या वेळी उशीर केला, आता याच्याही वेळी केला की काय! बस इतकी सावकाश चालली होती की मामाला वाटलं, उतरून ढकलावी.

गल्ली तीच होती. भिजलेल्या वेताचा तो ओलसर वास कोपऱ्यावरच आला आणि मामाचे पाय भराभर पडायला लागले. दार अर्धवट लोटलेलं. आत अंगणात पाण्याचा टब, टबात वेताच्या काड्या, आणि स्टुलावर, गुडघ्यांत एक अर्धी खुर्ची धरून, दादा. केस सगळे पांढरे झालेले. बाकी होता तसाच.

दादाने चष्म्यावरून पाहिलं. "आलास," तो म्हणाला.

मामाच्या डोक्यात बसमध्ये जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. त्याला एकदम संतापच आला. "फोन का उचलत नाहीस? जीव टांगणीला लागलाय माझा!"

"फोन कपाटात असतो. टॉवेलात गुंडाळून. दिवसभर कोण कोण विमा घ्या म्हणतं."

"आणि बटण? बटण का नाही दाबलंस? तीन दिवस आलं नाही ते!"

दादाचा हात विणीवर थांबला. "दाबलं की. काल दाबलं, परवा दाबलं, आत्ता मघाशी दाबलं." त्याचा आवाज जरा खाली आला. "तुला आलं नाही?"

मामा मटकन तिथल्याच एका विणून झालेल्या खुर्चीत बसला. दादा हाडामांसाचा समोर बसला होता आणि वेत ताणत होता. मामाला हसू आलं, मग रडू यायला लागलं, ते त्याने गिळलं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडायला लागला. दादाने दाबलं. म्हणजे वर्दी निघाली. मग ती गेली कुठे?

"एवढ्यासाठी आलास होय?" दादा म्हणाला. "ठिपका आला नाही म्हणून?"

"तूच म्हणालास परत येऊ नकोस."

"म्हणालो! रागात माणूस काय वाटेल ते बोलतो." दादाने खुर्ची बाजूला ठेवली. आता तोही तापला होता. "लहानपणापासून माझं एक ऐकलं नाहीस. अभ्यास कर म्हटलं की झाडावर, झाडावरून उतर म्हटलं की छपरावर. हिने किती वेळा सांगितलं, लवकर निजत जा, ते तरी ऐकलंस? आणि जन्मात एकच गोष्ट ऐकलीस ती नेमकी हीच? येऊ नकोस म्हणालो तर खरंच आला नाहीस? गाढवा!"

मामाने खाली मान घालून लॅपटॉप उघडला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. चालत्या प्रोग्रॅमला खिडकी जोडली, शेजारी तो ठिपक्यांचा पडदा लावला. आणि त्या छोट्या तुकड्यावर नजर टाकली मात्र, त्याने कपाळावर हात मारला. दरडावणीचा शब्द नव्हताच तिथे. साधाच शब्द होता. दादासाठी लिहीत होता, दादाच्याच विचारात हरवला होता, आणि तिथेच हात चुकला. काळ्या खिडकीत तो उत्तराची वाट बघत बसायचा, म्हणून तिथे क्लोजरबाई काम करायची. रोजच्या धावपळीत तिच्याकडे निकाल मागायला कोणी गेलंच नाही. दादा रोज दाबत होता, ती रोज हो म्हणत होती, आणि तीन दिवसांचे हो त्या कप्प्यात मुकाट पडून होते.

मामाने खिडकीत कप्प्याचं नाव लिहिलं. काय आहे आत, एवढंच विचारलं. खिडकी उत्तर छापायला लागली, आणि शेजारच्या पडद्यावर, निळ्याहिरव्यांच्या गर्दीत, एक नारिंगी ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा.

दादा उठून मागे येऊन उभा राहिला होता. त्याने वाकून चष्मा सावरला. "हा मी?"

"हा तू. हा काल, हा परवा."

"आणि हे बाकीचे?"

"लोक आहेत. सगळे गोळ्या घेताहेत."

"बरेच आहेत की रे," दादा म्हणाला. अंगणात ऊन आलं होतं, टबातलं पाणी भिंतीवर हलत होतं, आणि दोघं भाऊ त्या ठिपक्यांत बघत राहिले. मामाला वाटलं, हे असंच चालू दे. कोणी काही बोलू नये. पण सवय वाईट. त्याच्या तोंडून निघालंच, "गोळ्या तरी वेळच्या वेळी घेतोस ना?"

"कुठल्या गोळ्या?"

"ब्लडप्रेशरच्या! रोज 'घेतली' दाबतोस ना!"

"त्या होय?" दादा सरळ झाला, कमरेवर हात ठेवून. "त्या केव्हाच बंद केल्या डॉक्टरीणबाईंनी. मागच्या उन्हाळ्याच्याही आधी. आता गरज नाही म्हणाल्या."

मामा गर्रकन वळला. "मग बटण कशाला दाबतोस?"

दादा स्टुलावर जाऊन बसला, टबातून एक वेत उचलला, पाणी निथळू दिलं.

"फोनवर ते घालून दिलंस तेव्हा तूच सांगितलं होतंस ना, दादा, तू दाबलंस की माझ्या समोर ठिपका येतो. ही गेली, तूही येईनास. सकाळी उठलं की बोलायला घरात कोणी नाही. मग तो फोन वाजायचा. म्हटलं, निदान एवढं तरी कळवावं तुला रोज." त्याने वेत डोळ्यांसमोर धरून बघितला. "तू बघत असशील, असं वाटायचं."

मामाने पडदा मिटला नाही, खुर्ची सरकवली नाही, काही केलं नाही. तो उठला, दादाच्या स्टुलापाशी जमिनीवर बसला, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा मोठमोठ्याने रडला. दादा आधी "अरे, अरे" करत राहिला. मग त्याने ओला हात धोतराला पुसला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला.